दहा हजार लक्सचं ऊन

"ह्या उन्हाला वास न्हाई, पोरी."

आक्काताई हे म्हणाल्या तेव्हा माझी चार्वी अठरा दिवसांची होती. आक्काताई म्हणजे आमच्या पेठेतल्या मालिशवाल्या. गेल्या चाळीस वर्षांत पेठेत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक पोर त्यांच्या पायांवर पालथं पडून न्हालेलं आहे. त्या दिवशीही मालिश झालं होतं, अंघोळ झाली होती, धुरी देऊन झाली होती. आता रिवाजाप्रमाणे बाळाला कोवळ्या उन्हात निजवायचं होतं. मी चटई ऊनखिडकीखाली ओढली. आक्काताईंनी तिथेच वाळलेलं एक लंगोट उचलून नाकाला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"साबण बदललाय, आक्काताई."

"साबणाचं न्हाई म्हणत मी. उन्हात वाळल्यालं कापड नाकाला कळतंय. आन् तुझ्या त्या वरच्या पवारीणबाईनं ह्याच उन्हात सांडगे घातले, तिसऱ्या दिवशी बुरा. उन्हात कधी बुरा येतोय व्हय?"

मला हसू आलं. नुसतं हसून थांबले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "हे ऊन मी स्वतः मोजलंय, आक्काताई. दहा हजार लक्स. दाखल्यावर माझी सही आहे."

"मोजलं आसशील, बाई. मी आपली अडाणी. पर मी आसती तर पोरीला गच्चीवर न्हेलं आसतं."

"गच्चीवर आरसे आहेत. तिकडे कुणाला सोडत नाहीत."

त्यांनी लंगोट घडी करून ठेवलं. चार्वीला चटईवर निजवलं, टाळूला तेल घातलं, पदराला हात पुसले आणि पुढच्या घरी गेल्या. मी दार लावून घेतलं आणि मनात म्हटलं, जुनी माणसं.

ऊनखिडकी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण नव्या उपनगरांत राहणाऱ्यांना ती माहीत नसेल.

आठ वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या शहराच्या मध्यभागात इमारतीच्या उंचीला मर्यादा होती. रस्ता जेवढा रुंद, त्याच्या दीडपटीपेक्षा उंच बांधायचं नाही. आमची गल्ली नऊ मीटरची, म्हणजे चार मजले आणि वर पाण्याची टाकी. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण करणारा माणूस डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशी तळमजल्याच्या उंबऱ्यापर्यंत ऊन कसं पोचेल, हे कागदावर कोन काढून बघत बसला असणार. उंचीची मर्यादा म्हणजे खालच्या माणसाच्या उन्हाची राखण होती. आम्हाला कॉलेजात ती 'विकासातला अडथळा' म्हणून शिकवली. मी त्यावर निबंध लिहून पहिली आले होते.

मग किरणवाहिनी आली. गच्चीवर सूर्याच्या मागे मान फिरवणारे आरसे. आरशांनी गोळा केलेलं ऊन भिंगातून अंगठ्याएवढ्या जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या दोऱ्यांत शिरतं, दोऱ्यांतून चाळीस मजले खाली उतरतं आणि भिंतीतल्या चौकटीतून घरात सांडतं. ही चौकट म्हणजे ऊनखिडकी. दिवा नाही, खरा सूर्यप्रकाश. ढग आला की मंद होतो, हात धरला की ऊब लागते, फरशीवर सावली पडते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

नियम लगेच बदलला. प्रत्येक घराला रोज दोन तास, किमान दहा हजार लक्स ऊन मिळत असेल तर शहराच्या मध्यभागात उंचीची मर्यादा लागू नाही. नऊ मीटरच्या गल्लीत चाळीस मजले उभे राहिले. मूळ रहिवासी खालच्या अकरा मजल्यांवर, बाराव्यापासून वर विक्रीचे फ्लॅट. त्यांची लिफ्ट वेगळी, आमची वेगळी. सातव्या मजल्यावर उघडी बाग आहे, तिथे खरं ऊन दुपारी तासभर तरी येतं. ती वरच्या फ्लॅटवाल्यांची, तिच्या दाराला आमची कार्डं चालत नाहीत.

आणि हे दोन तास मोजायचे कुणी? महापालिकेने परवाने दिलेल्या खासगी प्रकाश-निरीक्षकांनी. मी त्यांतली एक. निवेदिता बागल, परवाना क्रमांक नि. बा. ११७. घरोघर जायचं, ऊनखिडकीखाली लक्समीटर धरायचा, आकडा नोंदवायचा, सही करायची. बारा इमारती केल्या, शेवटची आमचीच. माझा नवरा सुजय मूळ रहिवाशांच्या घरातला, सोसायटीचा सेक्रेटरी. त्या दिवशी त्याने पेढे वाटले होते.

चार्वी चौदा महिन्यांची झाली तरी चालेना. धरून उभी राहायची आणि लगेच किरकिर करत बसायची. सासूबाई गावाहून फोनवर म्हणायच्या, आमच्याकडे सगळे उशिराच चालतात. सुजयही तेच म्हणायचा. पण मी बघत होते. मला बघायची सवयच आहे. झोपेत तिच्या डोक्याला इतका घाम यायचा की उशी भिजायची. दात एकच. आणि मनगटं जाड दिसायला लागली होती, कुणीतरी आत बांगडी घातल्यासारखी.

मी तिला डॉ. मुल्लाणींकडे नेलं. आमच्या पेठेतल्याच, केस पांढरे झालेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी चार्वीचं मनगट चिमटीत धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

"मुडदूस," त्या म्हणाल्या.

हा शब्द मी फक्त चेष्टेत ऐकला होता, एखाद्या हडकुळ्या पोराला हिणवताना.

"हाडं मऊ राहिलीत. ड जीवनसत्त्व नाही. घरात ऊन येत नाही का?"

"येतं, डॉक्टर. रोज दोन तास. मालिश करून उघडी निजवते मी तिला."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय!"

त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "गेल्या दोन महिन्यांत तू तिसरी. पहिल्या दोघी खोटं बोलतायत असं समजून मी ओरडले त्यांच्यावर. दुसरीचं पोर सहा महिन्यांचं होतं, झटके येऊनच आलं. एवढ्या लहान पोरांची हाडं वाकायच्या आधी रक्तातलं कॅल्शियम कोसळतं."

"पण थेंब? बाळांना थेंब देतात ना सरकारकडून?"

"द्यायचे. आता पोर्टल ठरवतं." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

चार्वीचं नाव, जन्मतारीख, वजन. खाली एक ओळ. *सूर्यप्रकाश: पूर्ण. ड जीवनसत्त्वाचे थेंब: आवश्यकता नाही. आधार: इमारत प्रकाश दाखला, नि. बा. ११७.*

थेंब जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून बालआरोग्य विभागाने हुशारी केली होती. ज्या घरात ऊन पूर्ण, त्या बाळाचे थेंब आपोआप बंद. ऊन पूर्ण आहे की नाही ते इमारतीच्या दाखल्यावरून. दाखला माझा.

माझ्या मुलीचं औषध माझ्या सहीने बंद झालं होतं.

"हिचं वेळेत सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "औषध लिहून देते, सहा महिन्यांत पळायला लागेल. तुझंही रक्त तपासून घे. कंबर दुखत असेल ना? बाळंतपणाची म्हणून सोडून दिली असशील."

सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून अतिनील किरण मोजायचं यंत्र मागून आणलं. मुठीएवढं असतं. ऊनखिडकीखाली लक्समीटर ठेवला, दहा हजार चारशे. शेजारी अतिनीलचं यंत्र ठेवलं, शून्य. यंत्र बिघडलं असेल म्हणून खाली उतरले. चौकाच्या पलीकडे, जुन्या बसथांब्यापाशी अजून दुपारी चटईएवढं खरं ऊन पडतं. तिथे धरल्याबरोबर आकडे उड्या मारायला लागले.

गोष्ट शाळेतल्या पोराला कळेल इतकी सोपी आहे. आपली कातडी ड जीवनसत्त्व बनवते ते अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यातून. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत. आणि लक्स हे माप डोळ्यांसाठी केलेलं आहे, डोळ्याला दिसतं तेवढंच ते मोजतं. किरणवाहिनीच्या प्लास्टिकमधून दिसणारा प्रकाश येतो, ऊब येते, पण अतिनील किरण वाटेतच शोषले जातात. म्हणजे बघायला ऊन, अंगाला ऊन, हाडांना अंधार.

हे कुणी लपवलंही नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. वाहिनी बसवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या नवव्या पानावर ठळक छापलं होतं की अतिनील किरण गाळले जातात, त्यामुळे सोफ्याचा आणि पडद्यांचा रंग उडत नाही. ते पान मी वाचलं होतं. आमचा सोफा गडद निळा आहे, मी खूश झाले होते.

मी मगदूम सरांकडे गेले. प्रकाश-निरीक्षकांची संस्था ते चालवतात. मला काम त्यांनीच शिकवलं.

"ये, निवेदिता. चहा घेणार?"

"नको, सर. हे बघा." मी दोन्ही यंत्रं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी अतिनीलचं यंत्र खेळण्यासारखं उलटंपालटं करून बघितलं. "लक्स किती आले म्हणालीस?"

"दहा हजार चारशे."

"मग अडचण काय आहे?"

"सर, ते ऊन नाहीये!"

"नियमात ऊन म्हणजे काय? तूच ज्युनिअर मुलांकडून पाठ करून घ्यायचीस. दहा हजार लक्स, दोन तास. झालं की ऊन." त्यांनी यंत्र माझ्याकडे सरकवलं. "तू कधी ऊन मोजत नव्हतीस, बाळ. तू लक्स मोजत होतीस. चोख मोजत होतीस. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कुणी विचारलं नाही. व्याख्या ठरवणाऱ्या समितीत तीन बिल्डर होते, वाहिनी कंपनीचा एक माणूस, एक नगररचनाकार. डॉक्टर नव्हता. का असेल? इमारतीच्या उंचीशी डॉक्टरचा काय संबंध?"

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की टेबलावरचा पेपरवेट मी हातात उचलला, आणि परत खाली ठेवला.

"मी माझे दाखले मागे घेते."

"घे ना. पुनर्तपासणी लागेल. दुसरा माणूस येईल, लक्समीटर लावेल, दहा हजार येतील, दाखला पुन्हा चालू होईल. आणि तुझा परवाना जाईल. घरी लहान मूल आहे तुझं, जरा विचार कर."

मूल आहे म्हणून विचार कर! मी तेवढ्यासाठीच तर आले होते.

मी महापालिकेला लिहिलं. नवव्या दिवशी उत्तर आलं, निकष पूर्ण होत असल्याने दाखल्यात बदल करण्याचे कारण दिसत नाही. बालआरोग्य विभागाला लिहिलं. त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, इमारतीचा दाखला वैध असल्याने पोर्टलमधील नोंद बदलता येत नाही. दोन्ही कार्यालयं एकाच आवारात आहेत, मध्ये चहाची टपरी आहे. तिथे उभी राहून मी दोन्ही पत्रं वाचली आणि मोठ्याने काहीतरी बोलले. चहावाल्याने वळून बघितलं.

आमच्या इमारतीत खालच्या अकरा मजल्यांवर दोन वर्षांच्या आतली तेवीस मुलं होती. मी दारोदार गेले. थेंब दुकानात मिळतात, आणा, म्हणून सांगितलं. पवारवहिनींनी नातवाला कडेवर घेऊनच दार उघडलं.

"तुमच्याच सहीवर ऊन आलं ना, निवेदिताताई? तेव्हा पेढे खायला घातलेत. आता भीती कशाला घालताय?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं, वहिनी."

"मग आता कळतंय कशावरून? पोर्टलवर तर पूर्ण दाखवतंय. जास्तीचे थेंब देऊन काही झालं तर?"

तेवीसपैकी चौघांनी थेंब आणले.

त्या संध्याकाळी सुजय घरी आला तेव्हा मी जेवणाचं ताट न वाढताच बोलायला लागले. पोर्टल नुसत्या विनंतीवर बदलत नव्हतं, दाखला रद्द झाला तर लगेच बदलणार होतं. आणि वार्षिक तपासणीत लक्स कमी भरले तर दाखला त्याच मिनिटाला आपोआप रद्द होतो. आमच्या इमारतीची वार्षिक तपासणी याच महिन्यात होती, माझ्याकडेच होती.

"गच्चीची चावी तुझ्याकडे असते," मी म्हणाले. "आरसे झाकू."

"तुला कळतंय का काय बोलतेयस? आपला दाखला गेला की समोरच्या टॉवरचं काम थांबणार. एकाच योजनेतले टॉवर आहेत, कलमच आहे तसं. बेचाळीस कुटुंबं तीन वर्षं संक्रमण शिबिरात पत्र्याखाली राहतायत, निवे. काका आहेत त्यांच्यात. दर रविवारी विचारतात, सुज्या, स्लॅब कुठवर आला?"

"आणि त्या टॉवरमध्ये खालचे अकरा मजले कुणाचे?"

"चार्वीला औषध चालू झालंय. तू कशाला..."

"काकांच्या सूनबाईला सातवा महिना आहे, सुजय. ते मूल कुठे निजवणार आहेत? याच उन्हात ना?"

"म्हणून काय काकांनी पत्र्याखालीच मरायचं? जुना चार मजल्यांचा नियम होता तेव्हा तरी आपल्याला काय मिळत होतं? दोन खोल्यांत नऊ माणसं!"

त्याचं खोटं नव्हतं. मला त्याचाही राग आला, कारण हा प्रश्न आमच्या घरात आमच्या दोघांमध्ये टाकून ज्यांनी उंची वाढवून घेतली ते आपल्या पस्तिसाव्या मजल्यावर खऱ्या उन्हात बसले होते. चार्वी आमचे आवाज ऐकून रांगत आली. सुजयच्या बोटाला धरून उभी राहिली. तिचे पाय गुडघ्यांपासून हळूहळू बाहेर वाकले आणि ती खाली बसली. रडली नाही. पुन्हा बोट मागितलं.

सुजय न जेवता झोपला. सकाळी उठले तर तो घरात नव्हता आणि खिळ्यावर चावीही नव्हती. मला वाटलं, माझ्यापासून लपवायला घेऊन गेला. साडेदहाला त्याचा फोन आला.

"वर ये. आणि त्या आक्काताईंना बोलव चार्वीपाशी बसायला."

गच्चीवर त्याने तालीम मंडळाच्या मांडवाच्या ताडपत्र्या आणून टाकल्या होत्या. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. साठ आरसे एकजात सूर्याकडे तोंड करून उभे होते.

"तू एकट्यानेच आणल्यास?"

"मग काय तुझी वाट बघत बसू? तुला साधी गाठ तरी मारता येते का?" आणि मग, ताडपत्रीचं टोक माझ्याकडे फेकत, माझ्याकडे न बघता, "काकांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

साडेअकराला शेवटचा आरसा झाकला. सुजयचा फोन वाजायला लागला. ऊन गेलं रे, सुजय. काय झालं? बिल भरलं नाही काय? मी मीटर घेऊन उतरले. अकराव्या मजल्यापासून सुरुवात केली. ऐंशी लक्स. पंचाण्णव. सत्तर. एकही आकडा खोटा लिहिला नाही. जे मोजलं तेच लिहिलं, सही केली, पाठवलं.

अकरा मजल्यांवरच्या मिळून तेवीस घरांत फोन एकदमच वाजले. *सूर्यप्रकाश: अपुरा. ड जीवनसत्त्वाचे थेंब: तातडीने सुरू करा. तीन महिन्यांचा पुरवठा घरपोच.* जिन्यात अंधार होता आणि दारादारांत बायका हातातल्या उजळलेल्या पडद्यांकडे बघत उभ्या होत्या.

"आता हे काय, निवेदिताताई?" पवारवहिनी म्हणाल्या. "काल नको म्हणत होते, आज तातडीने?"

"आज मी अंधार मोजला, वहिनी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "यांना दहा हजार लक्सचं ऊन दाखवलं तेव्हा पोरांचं औषध बंद केलं. अंधार दाखवला तेव्हा औषध आलं. आता घ्या ते आणि मुकाट्याने पाजा!"

त्या तरीही काहीतरी पुटपुटल्या, पण संध्याकाळी थेंबांची बाटली घेऊन मात्रा विचारायला आल्या.

ताडपत्र्या दोन दिवस टिकल्या. मग कंपनीची माणसं पोलिस घेऊन आली. समोरच्या टॉवरचं काम नऊ दिवस थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. काकांनी फोन उचलणं बंद केलं. सुजयने सेक्रेटरीपद सोडलं, म्हणजे सोडायला लावलं. माझा परवाना निलंबित झाला आणि प्रकाशयंत्रणेत हेतुपुरस्सर अडथळा आणल्याची तक्रार दाखल झाली. सुजय आणि मी एका घरात राहतो, एका ताटलीतले शेंगदाणे खातो, पण काकांचा विषय निघाला की दोघंही उठून वेगवेगळ्या खोल्यांत जातो.

बाकीच्या अकरा इमारती राहिल्याच होत्या. तिथल्या गच्च्यांच्या चाव्या आमच्याकडे नव्हत्या आणि तिथल्या सेक्रेटऱ्यांना आपले टॉवर थांबवायचे नव्हते. मी दाखल्यांची जुनी यादी काढून बसले, पण यादीत फ्लॅटचे नंबर होते, मुलं नव्हती. आक्काताई चार्वीच्या पायांना तेल चोळत होत्या.

"कुणाच्या घरात किती म्हयन्याचं पोर हाय, ते तुझ्या कागदाला काय ठावं? चल माझ्यासंगं."

चौदा दिवस आम्ही दोघी फिरलो. मला बघून न उघडणारी दारं त्यांच्या हाकेला उघडायची. "ए सुनीताच्या पोरी, तुलाबी मीच न्हाऊ घातलंय, उघड दार." डॉ. मुल्लाणी दवाखाना बंद करून संध्याकाळी आमच्यामागे यायच्या, पोरांची मनगटं आणि बरगड्या बघायच्या. एकशे एकतीस मुलं बघितली. सत्तावीस जणांना मुडदूस सुरू झाला होता. दोघांना त्याच दिवशी दवाखान्यात ठेवावं लागलं. पोर्टलवर सगळ्यांचं ऊन पूर्ण.

पंधराव्या दिवशी आम्ही अरुणोदय हाइट्समध्ये गेलो. दुसरा मजला, फ्लॅट २०४. त्या घराची माहिती आक्काताईंना नव्हती. शेजारच्या बाईने सांगितलं, सीमाभागातून नवीनच आलेलं जोडपं, भाड्याने राहणारं. बाळ सात महिन्यांचं, आईने व्हिडिओ बघून स्वतःच न्हाऊ घातलेलं. दारावर प्राजक्ता हुक्केरी अशी पाटी. बेल वाजवली तर ती दारावरच्या स्पीकरमधूनच बोलली.

"मॅडम, आमच्याकडे सगळं पूर्ण आहे. मी आत्ताच परत चेक केलं."

"प्राजक्ता, दोन मिनिटं दार उघड. डॉक्टर आहेत बरोबर."

"मिस्टर टूरवर आहेत. अनोळखी लोकांना उघडू नको म्हणालेत. खरंच काही नाहीये. बाळ छान आहे. फक्त जरा दचकतं."

डॉ. मुल्लाणी पुढे झाल्या. "दचकतं म्हणजे?"

"झोपेत हात-पाय झटकतं. दोन दिवस झाले. पोर्टलवर विचारलं मी, नॉर्मल आहे म्हणाले."

"दार उघड!" डॉक्टर ओरडल्या. तीच चूक झाली. आतून आवाज बंद झाला. दोन मिनिटांत खालून रखवालदार आले आणि आम्हा तिघींना लिफ्टमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीने आधीच मागितलेला न्यायालयाचा आदेश हातात पडला. माझ्या दाखल्यांच्या कुठल्याही इमारतीच्या आवारात, माझं स्वतःचं घर सोडून, मी जायचं नाही. आक्काताईंचं आणि डॉक्टरांचंही नाव आहे त्यात. मी बालकांच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या मुलीने पोर्टल बघितलं आणि गोड आवाजात मला सांगितलं की त्या घरात सूर्यप्रकाश पूर्ण आहे. प्राजक्ता अनोळखी नंबर उचलत नाही. मी सतरा वेळा केला.

मला त्या आवारात जायची मनाई आहे. तुम्हाला नाही. तुम्ही पेठेत राहत असाल, त्या बाजूला कामाला जात असाल, तिथे तुमचं कुणी असेल, तर अरुणोदय हाइट्समध्ये जा. खालच्या मजल्यांची लिफ्ट मागच्या बाजूला आहे. फ्लॅट २०४. बेल वाजवा. माझं नाव सांगू नका, ती घाबरेल. ओरडू नका, आम्ही ओरडलो. ती आतूनच बोलेल, सगळं पूर्ण आहे म्हणेल. निघून येऊ नका. तिला म्हणा, बाळाला कडेवर घे आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चल, रिक्षा खाली उभी आहे. आणि रिक्षा खरंच उभी ठेवा.

उद्यावर टाकू नका. ते बाळ कसं आहे, तेवढं आज बघून या.